इटालियन पद्धतीचे चिकन घरी करताना: किती आणि कसे

रत्नागिरी, चिपळूण, सावंतवाडी यांसारख्या गावांतल्या दुकानांत आता पास्ता, ऑलिव्ह तेल आणि ओरेगॅनोच्या पुड्या सहज मिळू लागल्या आहेत, आणि सुट्टीत घरी आलेली मुले काहीतरी इटालियन करण्याचा हट्ट धरतात. अशा वेळी बहुतेक घरांत जे शिजते ते साधारण एकाच प्रकारचे असते: मैद्याचा किंवा क्रीमचा पांढरा सॉस, त्यात बोनलेस चिकनचे तुकडे, खाली पास्त्याचा ढीग आणि वर किसलेल्या चीजचा थर. चवीला ते छान लागते. परंतु घरातल्या मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या वडीलधाऱ्यांनी त्यातले किती खावे, असे कोणी विचारले तर नेमके उत्तर देता येत नाही, आणि मग ‘इटालियन म्हणजे जड’ असे ढोबळ मत करून तो पदार्थ त्यांच्यापुरता वर्ज्य ठरवला जातो. हे मत मला मुळातच चुकीचे वाटते. इटलीतल्या घरांत चिकन ज्या रीतीने शिजवतात आणि ज्या क्रमाने वाढतात ती रीत समजून घेतली, तर किती खावे याचे उत्तर बरेचसे त्या रीतीतच सापडते.

आपण ज्यांना इटालियन चिकन म्हणून ओळखतो त्यांतले दोन सर्वांत प्रसिद्ध पदार्थ इटलीत जन्मलेले नाहीत. ‘आल्फ्रेडो’ हा मूळचा रोममधला पास्ता. आल्फ्रेदो दि लेलिओ या खानावळवाल्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो प्रसिद्ध केला, आणि त्यात लोणी व पार्मेजान चीज एवढेच होते. क्रीम आणि चिकन यांची भर अमेरिकेत पडली. ‘चिकन पार्मेजान’ची गोष्टही तशीच आहे. दक्षिण इटलीत वांग्याच्या तळलेल्या कापांवर टोमॅटोचा सॉस आणि चीज घालून जो पदार्थ करतात, त्यातल्या वांग्याच्या जागी अमेरिकेत गेलेल्या इटालियन कुटुंबांनी मांस घातले, कारण तिथे मांस मुबलक आणि स्वस्त होते. आपल्याकडे जड म्हणून जे ओळखले जाते ते प्रामुख्याने या स्थलांतरित स्वयंपाकातून आलेले आहे, आणि म्हणून त्यावरून मूळ पद्धतीची परीक्षा करणे योग्य नाही.

मूळ पद्धतीत पास्ता आणि चिकन सहसा एका ताटलीत येत नाहीत. पूर्ण इटालियन जेवणात आधी ‘प्रीमो’ म्हणजे पास्ता, भात किंवा सूप येते. ते संपल्यावर ‘सेकोंदो’ म्हणजे मासे किंवा मांस येते आणि त्याच्या जोडीला ‘कोंतोर्नो’ म्हणजे भाजी किंवा कोशिंबिरीसारखे काही असते. रोजच्या जेवणात यांपैकी एखादा टप्पा गाळलाही जातो. पास्त्यात मिसळलेले चिकन किती खाल्ले हे कळत नाही, वेगळे वाढलेले चिकन मात्र डोळ्यांसमोर असते, हा या क्रमाचा आपल्या दृष्टीने मोठा फायदा आहे. इटलीतल्या मानवी पोषण सोसायटीने वाढणीची जी प्रमाणे ठरवली आहेत तीही याच क्रमाला धरून आहेत: कोरडा पास्ता ८० ग्रॅम, मांस १०० ग्रॅम, भाजी २०० ग्रॅम आणि तेल १० मिलिलिटर. हे सर्व आकडे कच्च्या वजनाचे आहेत, आणि मांसाच्या बाबतीत ते हाडाविना धरलेले आहेत. भाजी मांसाच्या दुप्पट आहे, याकडे मुद्दाम लक्ष वेधावेसे वाटते.

कच्चे वजन आणि शिजलेले वजन यांतला गोंधळ हे या विषयातले सर्वांत मोठे कोडे आहे, म्हणून त्यावर थोडे थांबू. चिकन शिजताना त्यातले पाणी बाहेर पडते आणि वजन साधारण पाव हिश्शाने घटते. १०० ग्रॅम कच्चे मांस ताटात येईपर्यंत ७५ ग्रॅमच्या आसपास उरते, पण त्यातले प्रथिन तेवढेच राहते. त्यामुळे एखाद्या तक्त्यात ‘१०० ग्रॅम चिकनमध्ये ३१ ग्रॅम प्रथिने’ असे लिहिलेले असते आणि दुसऱ्यात २२ ग्रॅम, तेव्हा दोन्ही बरोबर असू शकतात. पहिला आकडा शिजवलेल्या छातीच्या मांसाचा असतो, दुसरा कच्च्याचा. पास्त्याचे नेमके उलटे होते. तो पाणी शोषून दुपटीहून थोडा अधिक जड होतो, म्हणजे ८० ग्रॅम कोरडा पास्ता ताटात पावणेदोनशे ते दोनशे ग्रॅम भरतो. एक पदार्थ शिजताना आकसतो आणि दुसरा फुगतो, म्हणून शिजल्यानंतर नजरेने ठरवलेला अंदाज हमखास चुकतो. मोजायचे ते शिजवण्यापूर्वी, आणि तेही एकदाच.

आता हाच हिशेब आपल्या रविवारच्या बाजाराला लावून पाहू. चौघांच्या घरात आपण साधारणपणे एक किलो चिकन आणतो. कातडी काढून, हाडासकट तुकडे केलेल्या त्या किलोभरात निव्वळ मांस ६०० ते ६५० ग्रॅम निघते, उरलेले वजन हाडांचे असते. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला १५० ते १६० ग्रॅम कच्चे मांस येते आणि त्यातून सुमारे ३० ग्रॅम प्रथिने मिळतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढ माणसाला दिवसाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला सुमारे ५० ग्रॅम. त्यांतली ३० ग्रॅम एका जेवणातून आली, आणि बाकीची डाळ, दूध, भाकरी, मासळी यांतून येणारच आहेत, तर आणखी दोन तुकडे वाढून घेण्याची गरज शरीराला नसते. किलोभर चिकन चौघांना पुरते की नाही, हा प्रश्न माझ्या मते इथेच सुटतो: ते पुरून उरते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांचे प्रमाण मात्र वेगळे असते आणि ते त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायला हवे.

वजनकाटा हाताशी नसेल तर स्वतःच्या हाताचा आधार घ्यावा. बोटे सोडून केवळ तळव्याच्या आकाराचा आणि तळव्याएवढ्याच जाडीचा शिजलेल्या मांसाचा तुकडा ही साधारण एक वाढणी होते, तर शिजलेला भात किंवा पास्ता एका मुठीएवढा घ्यावा. मोठ्या माणसाचा हात मोठा आणि लहान मुलाचा लहान असल्यामुळे हे माप आपोआप ज्याच्या त्याच्या अंगाला बसते, म्हणून मला ते विशेष आवडते.

चिकनपेक्षाही अधिक लक्ष द्यायला हवे ते तेलाकडे, क्रीमकडे आणि चीजकडे. कातडी काढलेले कच्चे चिकन १०० ग्रॅमला १२० कॅलरींच्या आसपास असते, पण तेलाचा १५ मिलिलिटरचा एकच मोठा चमचा तेवढ्याच कॅलरी देतो. ऑलिव्ह तेल हलके असते असा समज आपल्याकडे पसरला आहे; त्यातली स्निग्धाम्ले हृदयाच्या दृष्टीने चांगली मानली जातात हे खरे, पण कॅलरींच्या बाबतीत ते शेंगदाण्याच्या किंवा खोबरेल तेलाइतकेच आहे, कारण कोणत्याही तेलाच्या एका ग्रॅममधून ९ कॅलरी मिळतात. घरातली तेलाची पळी एकदा पाण्याने भरून, ते पाणी औषधाच्या मापाच्या झाकणाने मोजून पाहावे. माझ्या घरच्या पळीत २५ मिलिलिटर मावते हे कळल्यावर ‘दोनच पळ्या घातल्या’ या वाक्याचा अर्थ माझ्यासाठी पार बदलला.

पांढऱ्या सॉसचा हिशेब असाच मांडता येतो. दुकानात मिळणाऱ्या २०० मिलिलिटरच्या क्रीमच्या खोक्यात पाव भाग, म्हणजे सुमारे ५० ग्रॅम, स्निग्ध पदार्थ असतो. त्यात ५० ग्रॅम लोणी आणि १०० ग्रॅम चीज धरले तर चिकन आणि पास्ता मोजण्यापूर्वीच अकराशेच्या वर कॅलरी झालेल्या असतात, आणि चौघांत वाटल्या तरी प्रत्येकाच्या ताटात पावणेतीनशेची भर पडते. ओल्या नारळाचे वाटण करणाऱ्या आपण कोकणवासीयांनी इथे प्रामाणिक असले पाहिजे. वाटीभर खवलेल्या नारळातही २५ ग्रॅमच्या पुढे स्निग्धांश असतो, तेव्हा कोंबडी-वड्यांचे जेवण या पांढऱ्या सॉसपेक्षा फार निराळे ठरत नाही. वडे तर तळलेलेच असतात. दोन्ही पदार्थ सणासुदीचे मानावेत आणि त्या दिवशी मनापासून खावेत.

आठवड्याच्या जेवणासाठी मी जो पदार्थ सुचवेन तो ‘पोल्लो आल्ला काच्चातोरा’, म्हणजे शिकाऱ्याच्या पद्धतीचे चिकन. इटलीत प्रांतागणिक त्याची रूपे बदलतात, काही ठिकाणी तर त्यात टोमॅटोही नसतो, पण कांदा, रानातल्या सुगंधी पाल्याची फोडणी, थोडी वाइन आणि मंद आचेवर झाकून शिजवणे हा त्याचा गाभा आहे. आपल्या रश्श्यापासून तो एका महत्त्वाच्या जागी वेगळा होतो. आपण मसाला परतून त्यात चिकन घालतो. चिकनला पाणी सुटते आणि ते त्या पाण्यात, वाटणाच्या आधाराने शिजते. इटालियन पद्धतीत चिकन आधी एकटेच, कोरड्या आणि गरम भांड्यात तांबूस होईपर्यंत परततात. पाणी असेपर्यंत मांसाचा पृष्ठभाग १०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकत नाही, आणि खमंगपणा आणणारी क्रिया जोमाने सुरू होते ती १४० अंशांच्या आसपास. प्रथिने आणि शर्करा यांच्यातली ही क्रिया लुई कामीय मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये मांडली, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. कमी तेलात आणि वाटणाशिवायही पदार्थाला भरीव चव का येते, याचे उत्तर या क्रियेत आहे.

म्हणून चिकन परतण्यापूर्वी ते कागदी रुमालाने किंवा त्यासाठीच राखलेल्या स्वच्छ फडक्याने टिपून कोरडे करावे. नळाच्या धारेखाली चिकन धुण्याची आपली सवय या दृष्टीने अडचणीची आहेच, शिवाय उडणाऱ्या थेंबांबरोबर कच्च्या मांसातले साल्मोनेला आणि कँपिलोबॅक्टर हे जंतू ओट्यावर आणि शेजारच्या कोथिंबिरीवर जातात. ते मरतात शिजवल्याने, धुतल्याने नव्हे. धुतल्याशिवाय ज्यांच्या मनाला पटतच नाही त्यांनी टोपात पाणी घेऊन त्यात तुकडे अलगद हलवावेत, आणि नंतर मोरी व हात साबणाने स्वच्छ करावेत.

चौघांसाठी कातडी काढलेले, हाडासकट एक किलो चिकन घ्यावे, शक्यतो तंगडी आणि मांडीचे मोठे तुकडे. जाड बुडाच्या पसरट भांड्यात दोन मोठे चमचे तेल, म्हणजे ३० मिलिलिटर, तापवून तुकडे दोन खेपांत परतावेत, कारण एकदम सगळे घातले तर भांडे थंड होते, पाणी सुटते आणि मग तुकडे तांबूस न होता उकडले जातात. तुकडे बाजूला काढून त्याच तेलात दोन बारीक चिरलेले कांदे, एक गाजर आणि चार लसूण पाकळ्या मंद आचेवर दहा-बारा मिनिटे परताव्यात. इटलीत यात सेलरीचे देठ असतात. आपल्याकडे ते मिळाले नाहीत तर न घालणेच बरे, कारण कोथिंबिरीच्या देठांनी चव भलतीकडे जाते. मग दोन चमचे व्हिनेगर अर्धी वाटी पाण्यात मिसळून ओतावे आणि भांड्याच्या बुडाला चिकटलेला तांबूस थर लाकडी उलथन्याने सोडवून घ्यावा. सगळी चव त्या थरात साठलेली असते, आणि वाइन नसताना तिचा आंबटपणा व्हिनेगर पुरेसा देते. त्यावर अर्धा किलो पिकलेले टोमॅटो चिरून, एक ढोबळी मिरची आणि एक छोटा चमचा मीठ घालावे, चिकन परत भांड्यात सोडावे आणि झाकण ठेवावे.

झाकणावर पाणी ठेवून शिजवण्याची आपल्याकडची जुनी रीत इथे फार उपयोगी पडते. वरच्या पाण्याने झाकण थंड राहते, आतली वाफ त्याला लागून पुन्हा थेंबांच्या रूपाने खाली येते, आणि वेगळे पाणी न ओतता चिकन स्वतःच्या रसात शिजते. ब्रॉयलर कोंबडीला यासाठी ३० ते ३५ मिनिटे पुरतात. गावठी कोंबडीला तासभर किंवा त्याहूनही अधिक वेळ द्यावा लागतो, कारण हिंडूनफिरून वाढलेल्या कोंबडीच्या स्नायूंत कोलॅजेनचे तंतू घट्ट असतात आणि ते विरघळून मऊ व्हायला मंद आच व वेळ दोन्ही लागतात. तो विरघळलेला अंश रसाला असा दाटपणा देतो की क्रीमची आठवणही होत नाही. शेवटची दहा मिनिटे झाकण काढून रस आटवावा. असे शिजलेले चिकन एका व्यक्तीच्या वाट्याला तेल आणि भाज्यांसह सुमारे ३०० कॅलरींचे होते.

सुगंधी पाल्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण बाजारातल्या वाळलेल्या पुड्यांवर अवलंबून राहण्याची गरज कोकणात नाही. गजऱ्यात आणि वेणीत माळला जाणारा मरवा हा ओरेगॅनोच्या अगदी जवळच्या कुळातला आहे, आणि इटलीत, विशेषतः लिगुरिया प्रांतात, तो स्वयंपाकात वापरलाही जातो. सब्जा तर याहून जवळचा आहे: ज्याचे बी आपण फालुद्यात घालतो ती वनस्पती आणि इटालियन बेसिल या एकाच जातीतल्या. आपल्या सब्जाच्या पानांना किंचित बडीशेपेचा वास येतो, तेव्हा ती थोडी कमी घालावीत आणि आच बंद केल्यावरच घालावीत. तुळस ही मात्र वेगळी जात आहे आणि तिचे घरातले स्थानही वेगळे आहे, त्यामुळे ती बेसिलच्या जागी सुचवणे मला पटत नाही. फुलवाल्याकडचा मरवा फवारणी केलेला असण्याची शक्यता असते, म्हणून परसातला किंवा कुंडीतलाच वापरावा. इटालियन पाककृतीत येणारे तेजपत्त्यासारखे पान म्हणजे आपले तमालपत्र नव्हे, हेही लक्षात ठेवावे. तमालपत्र दालचिनीच्या कुळातले असून त्याच्यावर तीन उभ्या शिरा दिसतात आणि त्याचा वास गरम मसाल्याकडे झुकतो. या पदार्थात ते नसले तरी चालते.

ज्यांना बोनलेस छातीचेच मांस हवे असते त्यांच्यासाठी लिंबाचे चिकन सोपे आहे. छातीच्या मांसात स्निग्धांश फार थोडा असतो, आणि त्यामुळेच दोन मिनिटे जास्त झाली की ते सुकून दोऱ्यासारखे होते. एका जाड तुकड्याचे आडवे दोन पातळ काप करावेत, बत्त्याने हलके ठोकून सारखे करावेत, मीठ-मिरपूड लावून मैद्याचा किंवा तांदळाच्या पिठाचा अगदी पातळ हात फिरवावा आणि एक चमचा तेलात दोन्ही बाजूंनी दोन-तीन मिनिटे परतावेत. मग लिंबाचा रस, दोन चमचे पाणी आणि लोण्याचा छोटा खडा घालून भांडे हलवले की सॉस तयार होतो. इटलीत यावर खारवलेले केपर, म्हणजे एका झुडपाच्या कोवळ्या कळ्या, घालतात. मी त्याऐवजी मिठाच्या पाण्यातल्या कैरीचे बारीक तुकडे घालतो. ही बदली माझी आहे, इटलीची नव्हे, आणि ती घातल्यावर वेगळे मीठ जवळजवळ लागतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी मिठाची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवली आहे, म्हणजे एका छोट्या चमच्याहूनही कमी, आणि चीज, केपर, ऑलिव्ह, खारातली कैरी हे सर्व त्याच चमच्यातून वजा होत असते. मांस ७४ अंशांपर्यंत तापले की ते सुरक्षित मानतात. थर्मामीटर नसेल तर सर्वांत जाड काप मधोमध कापून पाहावा, आतला भाग काचेसारखा ओलसर न दिसता पांढरा आणि तंतुमय दिसला पाहिजे.

रोममध्ये १५ ऑगस्टच्या सुट्टीला ढोबळी मिरचीतले चिकन करण्याची प्रथा आहे. आपल्याकडे तेव्हा बहुधा श्रावण चालू असतो, तेव्हा ते नारळी पौर्णिमेनंतर आपापल्या घरच्या नेमाप्रमाणे कधीतरी करावे. त्याची कृती वरच्यासारखीच आहे, फक्त तांबड्या आणि पिवळ्या ढोबळ्या मिरच्या टोमॅटोपेक्षा जास्त घालायच्या असतात.

ताट वाढताना अर्धे ताट भाजीसाठी मोकळे ठेवावे. कोवळी भेंडी, पडवळ, दुधी, लाल माठ यांपैकी काहीही थोड्या तेलात लसणीवर परतले तर ते कोंतोर्नोची जागा नीट घेते. उरलेल्या अर्ध्यात चिकन आणि तांदळाची एक भाकरी किंवा मुठीएवढा भात ठेवावा. उत्तर इटलीत या चिकनसोबत पोलेंता खातात, आणि तो मक्याच्या रव्याची उकडच असतो. तेव्हा तांदळाची उकड करणाऱ्या घराला त्याची ओळख वेगळी करून द्यायला नको. चीज घालायचेच असेल तर ते शिजताना न घालता ताटात, प्रत्येकाचे वेगळे, वरून किसावे. वर दिसणारे दहा ग्रॅम चीज जिभेला आत विरघळलेल्या तीस ग्रॅमपेक्षा अधिक जाणवते.

कोकणातल्या दमट हवेत शिजलेले चिकन दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, आणि उन्हाळ्यात पारा ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरातच ते उथळ डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेवावे. पावसाळ्यात वीज बराच वेळ गेली असेल तर उरलेल्याचा मोह सोडावा. उरलेल्या काच्चातोराचा दुसऱ्या दिवशी इटालियन घरांत होतो तसाच उपयोग करता येतो: एक-दोन तुकड्यांचे मांस हाडावरून सोडवून रसात मिसळावे, तो रस चांगला खळखळून उकळावा आणि माणशी ८० ग्रॅम कोरडा पास्ता मोजून, शिजवून त्यात घोळवावा. त्या जेवणात चिकन नावापुरतेच असते, आणि आदल्या दिवशीच्या रसामुळे त्याची उणीव जाणवत नाही.